उलटी अक्षरं वाचणारी यमुनाबाई

यमुनाबाईला सरळ अक्षरांपेक्षा उलटी अक्षरं लवकर वाचता येत. तिचा नवरा आत्माराम रत्नागिरीत झाडगावच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटं असतं. त्याची नजर अधू व्हायला लागली तशी ती दुपारची भाकरी घेऊन जायची ती तिथेच बसायची आणि छापून झालेले खिळे ज्याच्या त्याच्या खणात टाकायची. शाळेची पायरी न चढता ती त्या खिळ्यांवरून वाचायला शिकली.

१९२९च्या उन्हाळ्यात मांडवीला मुक्या चित्रपटांचा तंबू आला. मधोमध पडदा, पुढे पुरुष, मागे बायका. पडद्यावर पाणी मारलं की चित्र मागूनही दिसे, पण उलटं.

"डाव्या हातानं जेवतात गो मेले," पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं.

"मुंबईकडं तशीच रीत असेल."

मधून मधून येणारी अक्षरांची पाटी मात्र कुणाला लागेना. तंबूवाल्याने उलटं वाचणाऱ्या बाईची चौकशी केली, तेव्हा साऱ्या रत्नागिरीत एक यमुनाबाईच निघाली. पडद्याच्या कडेला पाटावर बसून ती खणखणीत आवाजात पाट्या वाचू लागली.

चित्र एका गावातल्या विहिरीचं होतं. अस्पृश्य वाडीतली एक बाई येते, इकडे तिकडे बघते आणि आपलं मडकं स्वतः विहिरीत सोडते. लोक धावतात, तिला मारतात, मडक्याच्या खापऱ्या होतात. मग पाटी येते, 'त्याच दिवशी, सकाळी.' पुढे झोपडी, तापाने फणफणलेलं पोर, आणि कुणीतरी पाणी घालील म्हणून सकाळपासून विहिरीपाशी हात जोडून उभी असलेली तीच बाई.

गोष्टीचा शेंडा आधी दाखवायचा आणि मूळ मागून, ही तऱ्हा यमुनाबाईला ठाऊक होती. छापखान्यात कादंबऱ्यांच्या पानांचे खिळे खणात टाकताना तिने ती पाहिली होती. पण पडद्यामागच्या बायकांनी ऐकल्या होत्या त्या व्रताच्या कहाण्या. तिथे आधी चूक होते, मग भोग येतात. त्यांनी याही चित्राचा तसाच अर्थ लावला. विहीर बाटवली, म्हणून पोराला ताप आला.

"देव बघतो हो सगळं," पुढे बसलेल्या सावित्रीकाकू म्हणाल्या, आणि साऱ्या बायकांनी माना डोलावल्या.

काकूंच्या विहिरीवर अख्खी आळी पाणी भरायची. खालच्या वाडीतली सखू रोज तिथे पायऱ्यांखाली मडकी मांडून बसायची आणि जी पाणी शेंदत असेल ती वरून तिच्या मडक्यात ओतायची. वाडीजवळच्या पऱ्यातलं पाणी चैत्रातच आटलं होतं. दुसऱ्या दिवशी यमुनाबाई पाण्याला गेली तेव्हा ऊन वर आलं होतं आणि सखूची दोन्ही मडकी कोरडी होती.

"कुणी घालायचं नाही," काकू म्हणाल्या. "जवळ येऊ दिलं की उद्या दोराला हात लावील, आणि मग पोर तिचंच जायचं. तिच्याच भल्याचं सांगत्ये मी."

"काकू, ताप आधी आला होता. म्हणून ती विहिरीवर..."

"आधी कसा येईल? आधी विहीर, मग ताप. पन्नास जणींनी बघितलंय. आणि पाटी तूच वाचलीस ना गो?"

यमुनाबाईने आपली घागर सखूकडे वळवली, तशी काकूंनी दोरच उचलून घेतला. "विहीर आमची आहे, यमुने. तुझंही पाणी तोडायला लावू नकोस."

 मडकी उचलून सखू दूरच्या झऱ्याकडे निघाली, भर उन्हात, कोसभर. तिच्या पाठीकडे बघताना यमुनाबाईला एकच टोचत राहिलं, की हे आपल्या आवाजाने झालं. आपण वाचलं, म्हणून तिचं पाणी तुटलं. आता ते आपणच जोडायचं.

त्या दिवशीच्या खेळाला ती 'त्याच दिवशी, सकाळी' या पाटीमागोमाग मोठ्याने म्हणाली, "ही मागची गोष्ट बरं का."

"मागची म्हणजे मागच्या जन्मातली?" एकीने विचारलं.

"तरीच. मागच्या जन्मीचं पाप," दुसरीने सांगून टाकलं.

खेळ संपल्यावर यमुनाबाई चित्राचं मशीन हाताने फिरवणाऱ्या नासिरकडे गेली. तो मिरकरवाड्याचा. "नासिरभाई, तापाचा तुकडा विहिरीच्या आधी लावता येईल?"

"पट्टी कापली तर मालक माझे हात कापील, भाभी." हँडल पुसता पुसता तो हसला. "चित्र हाय तसंच फिरणार. तोंड तुमचं हाय. मी फार तर हात हळू चालवीन."

तिसऱ्या दिवशी तिने पाट्या वाचल्याच, पण चित्रही पहिल्यांदाच नीट पाहिलं, चुका तपासायला घेतलेल्या छापील पानासारखं. झोपडीचं दृश्य आलं आणि चुलीजवळ तिला हवं होतं ते दिसलं. पण तोवर दृश्य सरलं होतं.

चौथ्या दिवशी ती तयारीने बसली. विहिरीवर मारहाण झाली, खापऱ्या उडाल्या. झोपडी आली आणि नासिरचा हात मंदावला. यमुनाबाई पाटावरून उठली आणि पडद्यावर बोट ठेवून उभी राहिली.

"चुलीकडे बघा. ते मडकं कुठलं?"

"तिचंच. काठाला टवका गेलाय तेच," मागून मथुरा म्हणाली. ती मडकी विकणारी, तिची नजर चुकायची नाही.

"मघाशी त्याच्या खापऱ्या झाल्या ना? मग इथे धड कसं?"

तंबूत चुळबूळ झाली.

"दुसरं आणलं असेल."

"टवकाही तोच आणला होय गो?" मथुरा म्हणाली. "मडकं फुटायच्या आधीचं आहे हे. ताप आधीच होता पोराला."

"मग बिचारी करणार काय?" काकूंची सून मालन हळूच बोलली. सासू त्या दिवशी आली नव्हती. पुढचा अर्धा खेळ बायका आपसात भांडत होत्या. यमुनाबाईने त्यांना भांडू दिलं आणि पाट्या तेवढ्या वाचत राहिली.

सकाळी विहिरीवर मालनने सासूला सांगितलं, "ताप आधी आला होता, सासूबाई. मडक्यावरून कळतं."

"चित्रातलं का कुठे खरं असतं?" काकू म्हणाल्या.

"मग तीन दिवस चित्रालाच भिऊन पाणी तोडलंत ना?"

 काकू "मला पूजेला उशीर होतोय" म्हणून आत गेल्या. दोर रहाटावरच राहिला. मालनने कळशी सोडली.

त्या सकाळीही आस धरून पायऱ्यांखाली बसलेल्या सखूची मडकी भरली. ती उठेना. "बाय," तिने यमुनाबाईला विचारलं, "त्या बायनं आपल्या हातानं मडकं सोडलं म्हणतात, खरं?"

"खरं."

"आनि तिचं पोर?"

यमुनाबाई सांगणार होती, पण थांबली. तंबूत सखू कधीच आली नव्हती. तिला कुणी घेतलंच नसतं.

"रविवारी ये आणि आपल्या डोळ्यांनी बघ. माझ्या पाटाशेजारी बस."

छापखान्यात जायच्या आधी ती मांडवीला गेली. तंबूवाला दात घाशीत होता. त्याने ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. "बाकीच्या बायका उठून जातील, बाई."

"जातील त्या जातील," यमुनाबाई म्हणाली. "ती बसली नाही तर मी वाचणार नाही. उलटं वाचणारी दुसरी शोधून ठेवा."

तो चूळ भरायची विसरला. यमुनाबाई त्याच्या उत्तराची वाट बघत तिथेच उभी राहिली.