संगीताचा साखरपुडा आणि यादम्माचा नंबर

"ताई, सर नाही म्हणाले."

संगीता माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली, डोळे भरलेले. उद्या नांदेडला साखरपुडा होता, आणि तोही तिचा स्वतःचा. संध्याकाळच्या गाडीचं तिकीट पर्समध्ये. आणि साहेब म्हणतात, आधी पीडीएफ, मग सुट्टी!

माझं डोकंच फिरलं. तशीच उठून केबिनमध्ये गेले. रेड्डी सर आमच्या ऑफिसचे मालक. माणूस वाईट नाही, पण डेडलाइन जवळ आली की त्यांना दुसरं काही दिसत नाही.

"सर, बिना दुल्हन के सगाई कैसी होती?"

"मैं क्या करूँ मॅडम? क्लायंट आज शाम को फाइलां मंगरा. आप करके देव, वो जाती."

"हौ, करके देती मैं," म्हणून मोकळी झाले. बाहेर आल्यावर कळलं, नसतं लचांड गळ्यात घेतलं आपण.

काचीगुडा स्टेशनपासून पायी जाता येईल एवढ्यावर आमचं छोटंसं ऑफिस. दुसऱ्यांसाठी ऑनलाइन सर्वे करणं हे आमचं काम. ह्या वेळी वस्त्यांमधल्या बचत गटाच्या बायकांना पिण्याच्या पाण्याबद्दल विचारलं होतं. उत्तरं कंप्युटरवर एका तक्त्यात छान मांडून तयार होती. पण क्लायंटला प्रत्येक बाईच्या उत्तरांची वेगळी पीडीएफ हवी होती, म्हणजे तशीच्या तशी छापता येईल अशी फाइल. कशाला, ते विचारू नका. मोठ्या लोकांना गठ्ठा जाड दिसला की काम झाल्यासारखं वाटतं.

संगीता हे हातानं करत होती. एकीचा फॉर्म उघडायचा, पीडीएफ म्हणून सेव्ह करायचा, नाव द्यायचं, बंद करायचा, की पुढचीचा उघडायचा. पोरीचं बोट दुखायला लागलं तरी निम्मंसुद्धा झालं नव्हतं. अहो, असल्या गाढवकामासाठी तर कंप्युटर असतो!

मी स्क्रिप्ट लिहायला घेतली. स्क्रिप्ट म्हणजे कंप्युटरला दिलेल्या सूचना: हे कर, मग ते कर, संपेपर्यंत करत राहा. अवघड काही नव्हतं. प्रश्न एवढाच आला की फाइलींना नावं काय द्यायची. बाईचं नाव द्यावं, तर लक्ष्मी आमच्याकडे गल्लीगल्लीला सापडतात. मोबाइल नंबर दिला. नंबर काही दोघींचा एक नसतो. स्वतःवर इतकी खूश झाले की चहा मागवला.

स्क्रिप्ट सुरू केली आणि आम्ही जेवायला बसलो. डबे बंद होईपर्यंत काम संपलंसुद्धा. संगीतानं टाळ्या वाजवल्या, आईला फोन लावला, "निघते गं मी!" म्हणाली. मी सहज फोल्डर उघडून बघितलं. उत्तरं एवढी आणि फाइली जेमतेम मूठभर. चूक झाल्याचा मेसेजही कुठं नाही.

सर मागं येऊन उभेच. "बाकी के किधर गये?"

"रुको ना सर जरा."

संगीता फोन हातात तसाच धरून घड्याळाकडे बघत बसली. मला तिच्याकडे बघवेना.

तक्ता पुन्हा उघडला. आता नीट बघितलं, तर नावं वेगळी, घरं वेगळी आणि पानभर एकच नंबर. सर्वे घेणाऱ्यांनी कंटाळून कुणाचाही नंबर ठोकला की काय? तसं असेल तर सगळाच सर्वे पाण्यात! भीतभीत तो नंबर फिरवला.

"कौन?" पलीकडून एक खणखणीत आवाज.

मी कोण ते सांगितलं. ती यादम्मा निघाली, त्या वस्तीतल्या बचत गटाची प्रमुख. तिला विचारलं, इतक्या बायकांच्या फॉर्मवर तुमचाच नंबर कसा?

"तो किसका डालते अम्मा? एकेक घर में एकेक फोन. सुबू आदमी लेके जाता आटो पे, रात को आता. दिन में कुछ काम पड़ा तो मेरेकूच करते सब लोगां. मैं जाके घर घर में बोल देती."

घ्या! सर्वे खरा होता, बायका खऱ्या होत्या, खोटी होती ती माझी हुशारी. एकाच नावाची दुसरी फाइल आली की कंप्युटर पहिलीच्या जागी ती ठेवून देतो आणि पहिली पुसून टाकतो. ह्याला म्हणतात ओव्हरराइट. आख्ख्या गल्लीच्या बायका एकमेकींना पुसत गेल्या आणि शेवटची तेवढी उरली.

इलाज एका ओळीचा होता. प्रत्येक भरलेल्या फॉर्मला सिस्टिम आपला एक क्रमांक देते, तो कधी दुसऱ्या फॉर्मला मिळत नाही. फाइलीच्या नावात मोबाइल नंबराऐवजी तो घातला आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. ह्या वेळी चहा मागवला नाही. एकेक फाइल पडत गेली तशी संगीता श्वास रोखून बघत होती. जेवढी उत्तरं तेवढ्या पीडीएफ जमल्या तेव्हा तिनं मला गच्च मिठी मारली.

सरांनी स्वतः मोजून बघितलं. मग म्हणाले, "जाव अम्मा, जाव! मिठाई भूलना नक्को." तिची बॅगही त्यांनीच खाली नेली. गाडी मिळाली, साखरपुडा थाटात झाला आणि सोमवारी पेढेही आले.

संगीता गेली त्या संध्याकाळी मी नल्लकुंट्याला घरी परतले आणि गॅस संपला. बुक करायला गेले तर नोंदवलेला नंबर ह्यांचा. लाइट बिलावर ह्यांचा. माझ्या स्वतःच्या बँकेच्या खात्यावरसुद्धा ह्यांचाच! इतकी वर्षं कंप्युटरवर काम करणारी मी. यादम्माच्या गल्लीतल्या बायकांपेक्षा मी वेगळी ती कुठं होते?

स्वयंपाक बाजूला ठेवून एकेक ठिकाणी माझा नंबर घालत बसले. ह्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "हे काय मधेच?"

म्हटलं, "काही नाही. ओव्हरराइट होत होते, सेव्ह करून ठेवतेय."