फुटामागे एक सूत

रुबिनाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका कॉन्फरन्स कॉलवर होतो, म्हणून घेतला नाही. अर्ध्या तासाने मीच लावला. "अब्बा गेले," ती म्हणाली. "सकाळी चहा पिऊन कामाला बसले होते... तसेच." आमचं ऑफिस येरवड्याला आणि हमीदभाईंचं घर भवानी पेठेत. अंतर काही फार नाही, पण त्या दिवशी रिक्षा पोचता पोचेना. मातीला पोचलो. मूठभर माती टाकली, त्यांच्या जावयाचा हात हातात घेतला आणि काही न बोलता परत आलो. मला जे बोलायचं होतं ते हमीदभाईंशीच होतं, आणि ते मी बारा वर्षं उद्यावर ढकलत आलो होतो. याला आता दोन महिने होऊन गेले.

हमीदभाई पॅटर्न मेकर होते. हे काय असतं ते आता सांगावं लागतं. पंपाचा एखादा भाग लोखंडात ओतायचा तर आधी वाळूत साचा उठवतात, आणि तो उठवायला त्या भागाची हुबेहूब लाकडी प्रतिकृती लागते. तिला पॅटर्न म्हणतात. विदर्भातून इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मी पुण्यातल्या एका पंप कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात लागलो, तेव्हा माझं पहिलंच ड्रॉइंग घेऊन मोठ्या ऐटीत पॅटर्न शॉपमध्ये गेलो होतो. हमीदभाईंनी कागद हातात घेतला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "साहेब, हे वाळूतून निघायचं नाही." मी मापं बरोबर असल्याचं सांगू लागलो. "मापं बरोबर आहेत. निघायचं नाही." मी हट्टाला पेटलो. त्यांनी मुकाट्याने पॅटर्न करून दिला आणि तो बाहेर काढताना साच्याची भिंत कोसळली. ते हसले नाहीत, हेच मला जास्त लागलं. डोळे मिटून माणूस कागदावरच्या रेघा वाळूत उमटवून, वर उचलून बघू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं. पुढे प्रत्येक ड्रॉइंग माझ्या वरच्या साहेबांच्या आधी त्यांना दाखवू लागलो.

आणि त्याच हमीदभाईंचं शॉप मी बंद केलं. नव्वदच्या दशकातले ते दिवस, बाहेरच्या कंपन्या येत होत्या, ड्रॉइंग बोर्ड जाऊन कॉम्प्युटर येत होते, आणि ते चालवता येणारा आमच्याकडे मी एकटाच, त्यामुळे माझे पाय जमिनीला लागत नव्हते. पॅटर्न बाहेर मशीनवर करून घेतले तर काय होईल याचा अहवाल लिहायला मला सांगितलं. चार पानी अहवाल मी फर्ड्या इंग्रजीत लिहिला आणि खाली झोकात सही केली. सहा महिन्यांत शॉपला कुलूप लागलं. सात जणांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यातली स्वेच्छा कोणाची होती ते सांगायला नको. शेवटच्या दिवशी हमीदभाईंनी पटाशांना तेल लावलं, त्या कापडात गुंडाळल्या आणि ड्रॉइंग ऑफिसच्या दारात येऊन म्हणाले, "साहेब, येतो." अहवाल कोणी लिहिला हे त्यांना ठाऊक नसणार असं मी स्वतःला समजावलं. पुढच्याच वर्षी मीही कंपनी सोडून सॉफ्टवेअरमध्ये गेलो आणि दीड वर्ष अमेरिकेला जाऊन आलो.

तिथे मला छोट्या रेल्वेचं वेड लागलं. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशी पट लहान, विजेवर चालणारी इंजिनं, हाताएवढे डबे, काडेपेटीएवढी घरं. माझे वडील आमच्या गावच्या लहानशा स्टेशनवर रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते, तेव्हा हे वेड तसं घरचंच. येताना बॅगेत कपडे कमी आणि रूळच जास्त भरले. धायरीच्या फ्लॅटमधली एक खोली प्लायवूडच्या फळीने अडवली. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "मूल एकच आहे, पण खेळणी दोघांची." माझी अडचण वेगळीच होती. बाजारात मिळणाऱ्या परदेशी प्लॅस्टिकच्या स्टेशनच्या छपरावर बर्फ होता. मला वडिलांचं स्टेशन हवं होतं, कौलांचं. आणि ते करू शकेल असा एकच माणूस मला माहीत होता.

जायला मी तीन आठवडे घेतले. दार रुबिनाने उघडलं, माझ्याकडे एकटक पाहिलं आणि आत गेली. हमीदभाई खाटेवर पेपर वाचत होते. कामं नव्हती. पटाशा माळ्यावर गेल्या होत्या. मी डब्याची तयार धातूची चौकट आणि चाकं त्यांच्या हातावर ठेवली आणि यावर लाकडी डबा बसवून हवाय म्हणून सांगितलं.

"खेळणं आहे?"

"मॉडेल आहे, हमीदभाई."

"खेळणार कोण?"

"मीच."

"मग खेळणंच." पण ते बोलताना त्यांचा अंगठा चाकाच्या कडेवरून फिरत होता, आणि तो थांबत नव्हता. चहा झाला. निघताना ते रुबिनाला म्हणाले, "माळ्यावरचं गाठोडं काढ."

चौकट मी परत नेली होती; माझ्या ड्रॉइंगवरच्या आकड्यांवरून दोन महिन्यांनी चार डबे झाले. शिवणीच्या लाकडाचे, खिडक्यांना केसाएवढे गज, दारात पाय ठेवायची फळी. मी ते चौकटीवर बसवायला गेलो आणि चारही डबे दोन्हीकडून बाहेर आले. थोडेसेच, पण एकाला दुसरा जोडता येईना. हमीदभाईंनी डबा मोजला. बरोबर. चौकट मोजली. ती आखूड. मग त्यांनी हातातल्या पट्टीकडे पाहिलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना ओशाळलेलं पाहिलं. ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मुळातच मोठा करतात, आणि त्यासाठी पॅटर्न मेकरची पट्टीच वेगळी असते, फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्तीची. तीस वर्षं त्यांच्या हातात तीच पट्टी होती. साधी फूटपट्टी त्यांच्या हत्यारांत नव्हतीच. "हे कपाट, तो पाळणा, दाराची चौकट... या घरातलं सगळं फुटामागे एक सूत मोठं आहे," ते म्हणाले. "डबे आकसायची वाट बघू या?" आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. संध्याकाळी रुबिनाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन ते पहिल्यापासून कामाला लागले.

स्टेशनचं काम निघालं तेव्हा मी फोटो दिला. तो त्यांनी उलटा करून ठेवला. "फोटोला मागची बाजू नसते." मग त्यांना घेऊन गावी गेलो. स्टेशनपाशी जीपमधून उतरले ते थेट पायऱ्यांपाशी बसले. स्टेशन बंद झालेलं, कौलं अजून शाबूत. दोन दिवस ते त्या इमारतीभोवती फिरले. भिंतीला हात लावून उभे राहायचे, मग वहीत चार रेघा. मला वाटलं, छप्पर, खिडक्या, घंटा... मुख्य तेवढं टिपत असतील.

ते स्टेशन पूर्ण होऊन धायरीला आलं तेव्हा मी भिंग घेऊन बसलो. कौलं एकेक सुटी होती. तिकिटाच्या खिडकीची कड हात टेकून टेकून गुळगुळीत झालेली. आणि दुसऱ्या पायरीला, डाव्या बाजूला, एक हलकासा खळगा. नखाने चाचपला तर जेमतेम जाणवेल इतका. मी विचारलं तर म्हणाले, "दगड तिथेच झिजलाय. सामान उजव्या हातात असलं की माणूस डावीकडून चढतो." त्या पायरीवर मी सगळं बालपण बसून काढलं होतं आणि मला हे माहीत नव्हतं. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही. त्यांनी चार स्क्रू लावून स्टेशन स्वतःच्या हाताने फळीवर बसवलं आणि चहा मागितला.

पुढे या छंदातले आणखी लोक त्यांच्याकडे येऊ लागले. बंगळूरचे दोघं, मग इंटरनेटवरून फोटो पाहून एक परदेशी म्हातारे. ईमेल माझ्याकडे यायचे, मी ते वाचून दाखवायचो. सगळे विचारायचे, कधी होईल? हमीदभाईंचं उत्तर ठरलेलं, "झालं की." दर रविवारी मी त्यांच्या शेजारी बसायचो आणि दर रविवारी त्या अहवालाचं न सांगताच उठायचो. आज सांगू, नको, त्यांचा हात आता कुठे रंगात आलाय... असं करता करता बारा वर्षं गेली. भित्रेपणाला मी अदब म्हणत होतो, दुसरं काही नाही.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी रुबिनाकडे गेलो आणि निदान तिला तरी सांगितलं. ती शिक्षिका आहे आता. मान खाली घालून ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "सर, तो अहवाल मीच त्यांना वाचून दाखवला होता. शॉपमधल्या कोणीतरी प्रत आणली. इंग्रजी घरात मलाच येत होतं."

मी हातातला कप खाली ठेवला.

"तुम्ही लिहिलं होतंत की हमीद शेख यांचं काम अचूक आहे, पण त्यांना लागणारा वेळ परवडणारा नाही. अब्बांनी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, खरं लिहिलंय."

"आणि मी दारात आलो तेव्हा?"

"मी आत जाऊन सांगितलं, तोच माणूस आलाय. मला तुमचा फार राग होता... अब्बा म्हणाले, चहा ठेव." मग तिने मान वर केली. "त्यांनी बसवलेलं काही तुम्ही कधी उचलून पाहिलंत? खालून?"

पाहिलं नव्हतं. त्यांनी लावलेला स्क्रू काढायचा विचार कोण करेल? घरी येऊन आधी त्यांनीच केलेली इंजिनाची शेड फळीवरून सोडवली. तळाला पेन्सिलीने, ड्रॉइंगवर लिहितात तशा चौकोनी अक्षरात, लिहिलं होतं, "वेळ: सात महिने." सिग्नलची केबिन उलटी केली. "वेळ: तीन महिने." मग स्टेशनचे चार स्क्रू काढले, दोन्ही हातांनी ते अलगद उचललं आणि उजेडात धरलं.

"वेळ: चौदा महिने. परवडला."

स्टेशन पुन्हा जागेवर बसवायला मला तासभर लागला. स्क्रू चारच होते.