मायचं डुक्कर आणि पहिली खेप

डुकरं पाळायची ठरवली तेव्हा गावानं नाक धरलं आणि डुकरं विकायची वेळ आली तेव्हा तेच गाव बघायला लोटलं. सकाळी सकाळी लोक दात घासत आमच्या शेडच्या तारेला येऊन टेकले होते. एकानं तर खुर्ची आणली होती. मी त्याला म्हटलं, "चहा पण सांगू का?" तर तो म्हणाला, "सांग ना बे." असल्या माणसांपुढे चिडून काही उपयोग नसतो, तरी मी चिडलोच.

गाव शेलूबाजारपासून जवळ. हायवेवरच्या ढाब्यांचं उरलंसुरलं अन्न ड्रममध्ये भरून मी मोटरसायकलवर आणायचो, त्यात मक्याचा भरडा कालवायचो आणि एकाच मादीची नऊ पांढरी डुकरं वाढवायचो. शेड धुवायचं काम बायकोचं. त्यातल्या आठ डुकरांवर माझा काही जीव नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. त्यांना अंगाला खाजवून दिलं की ती आडवी व्हायची, मजा वाटायची, पण तेवढंच. कापण्यासाठी पाळली होती आणि ते मी कोणापासून लपवत नव्हतो, स्वतःपासूनही नाही.

नववं मायचं होतं. जन्मल्या जन्मल्या ते त्याच्या आईच्या अंगाखाली सापडलं. एक कान फाटला, पिचून अर्धं झालं. मी ते टोपल्यात घालून टाकायला निघालो होतो. मायनं टोपलं हातातून ओढून घेतलं. मग कितीतरी दिवस ते मायच्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेलं चुलीपाशी पडून असायचं आणि माय त्याला बाटलीनं दूध पाजायची. पुढे ते बाकीच्यांएवढं झालं, पण शेडातून सुटलं की सरळ मागच्या दाराशी यायचं आणि उंबऱ्यावर हनुवटी टेकून बसायचं. माय त्याला पोरासारखं पोट्टं म्हणायची. "पोट्टं आलं वं, चुलीत काही आहे काय?" असं बायकोला विचारायची. बायको कपाळाला हात लावायची.

ते ठेवून घे, असं माय कधीच म्हणाली नाही. ती शेतकऱ्याच्या घरात जन्मली, वाढली. व्यापाऱ्याचा फोन आला त्या दिवशी तिनं मला जवळ बसवलं.

"विकायले पाळलं, विक. मी काही म्हणत नाही. पण त्याले तरास होऊ देजो नोको. जन्मतानी बम दुख भोगलं त्यानं. तू सोबत जाय अन् शेवटपावतर त्याच्यापाशी उभा राह्य."

मी हो म्हटलं. मायला हो म्हटलं की बोलणं लवकर संपतं.

व्यापारी नागपूरकडचा. डुकरं नेण्यातच त्याचं वय गेलेलं. फोनवर त्यानं एकच गोष्ट दोनदा बजावली होती, "भाऊ, आदल्या संध्याकाळपासून काहीच चारायचं नाही. पाणी द्या फक्त. भरल्या पोटाचं डुक्कर उन्हात टिकत नाही." हे मी घरात सगळ्यांसमोर सांगितलं. त्या रात्री शेडातून जो आरडाओरडा चालला, तो सगळ्या गावानं ऐकला. भुकेलं डुक्कर रडत नाही, ते भांडतं. दाराच्या पत्र्यावर थोबाडं आपटत होती. माय अंथरुणात बसून होती. मी म्हटलं, "झोप ना माय."

पिकअप आली ती उशिरा. पहाटे निघायचं ठरलेलं, आणि इथे ऊन चांगलं वर आलं. चैत्राचं ऊन, सकाळीच चटके देणारं. आम्ही जुन्या गोठ्याचं दार काढून गाडीला तिरपं लावलं होतं, वर पोती ठोकली होती. पहिलं डुक्कर आलं, त्यानं दारावर एक पाय ठेवला, पोकळ आवाज आला आणि ते मागे फिरलं. मग व्यापाऱ्यानं आपला धंदा दाखवला. एका हातानं कान, दुसऱ्या हातानं शेपटी, शेपटी पिळायची आणि गुडघ्यानं ढकलायचं. ज्यानं डुकराची किंकाळी जवळून ऐकली नसेल त्यानं ती ऐकूही नये. तारेला टेकलेले लोक आधी हसत होते, मग त्यांनीही कानांवर हात ठेवले. खुर्चीवाला मात्र बसून होता. एका डुकराचं नख दाराच्या फटीत अडकून उपटलं. पोत्यावर रक्त सांडलं आणि त्या वासानं पुढचं डुक्कर आणखीच बिथरलं. व्यापाऱ्यानं त्याच्या तोंडावर बादली घातली. आंधळं झालेलं डुक्कर बादलीपासून सुटायला उलटं उलटं चालत सुटलं आणि आपसूक गाडीत चढलं. मला ते पाहून हसू आलं. खरंच आलं.

मायचं डुक्कर शेवटी राहिलं. ते शेडात नव्हतंच. मागच्या दाराशी मायजवळ होतं. माय पुढे चालत आली आणि ते तिच्या मागे. दारावरूनही ते तिच्या मागे चढलं, ना कान धरावा लागला ना शेपटी. व्यापारी म्हणाला, "आजी, तुमीच या ना आमच्यासंगं धंद्यात." मायनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिनं फाटक्या कानावरून हात फिरवला आणि खाली उतरली. तिचा चेहरा शांत होता. मला वाटलं, चला, सुटलो.

कारंज्याच्या अलीकडे मागून धपधप आवाज आला. मी काचेतून पाहिलं. मायचं डुक्कर आडवं पडून पाय झाडत होतं. गाडी थांबवून मी मागे चढलो. त्याच्या तोंडातून लोंढ्यानं उलटी येत होती. फेसात भाकरीचे तुकडे होते, ज्वारीची भाकर आणि गूळ. गुळाचा वास मला लगेच कळला.

आमच्या घरातून निघणारं कोणीच उपाशी निघत नाही. पाहुणा नाही, लेक नाही, विकलेला बैलही नाही. बाजाराचा दोर गळ्यात पडायच्या आधी माय त्याला गुळभाकर चारणारच. बैलांचं हे मी लहानपणापासून पाहत आलो. डुकराचंही ती तेच करेल, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

व्यापाऱ्यानं भाकर पाहिली आणि मला आईवरून शिवी दिली. त्या दिवशी ती शिवी नेमकी बसली. "डुकराले घाम येत नाही भाऊ. पोटात हे दगडावानी बसलं, आता आतून शिजून राह्यलं ते."

"सावलीत थांबू थोडं."

"थांबलो की वारा बंद. बाकीचे आठ पण पडतील. एकासाठी आठ मारू काय?"

तो बरोबर बोलत होता. मी मागेच बसलो आणि गाडी समृद्धी महामार्गाला लागली. कॅनमधलं पाणी मी त्याच्या डोक्यावर ओतत राहिलो. कान आधी लाल झाले, मग जांभळे. जीभ बाहेर. श्वास असा की करवत चालावी. गाडी वळली की बाकीची आठ त्याच्या अंगावरून जायची, पोटावर पाय द्यायची, आणि प्रत्येक पायागणिक तोंडातून आणखी भाकर यायची. मी त्यांना लाथा मारत होतो. पाणी संपलं. त्याचे डोळे मात्र उघडे होते आणि मला ओळखत होते, याची मला खात्री आहे. मला ते नको होतं. हे लवकर मरावं, असं मी मोठ्यानं म्हटलं. वाऱ्यात कोणाला ऐकू जाणार होतं!

पण ते चिवट निघालं. मायनंच चिवट केलं होतं. नागपूरच्या बाहेर कत्तलखान्याच्या फाटकापर्यंत ते जिवंत होतं. फाटक उघडेपर्यंत जीव गेला. तिथल्या माणसानं पोटाला बूट लावून पाहिलं आणि म्हणाला, "मेलेलं आत येत नाही." मागच्या पायाला दोरी बांधून ते भिंतीपलीकडे ओढत नेलं. कुत्री आधीच उठून उभी होती.

बाकीची आठ एकेक करून आत गेली. कपाळाशी विजेचा चिमटा लागला की जागेवर कोसळायची, आणि सुरी फिरायची ती त्यानंतर. ज्यांच्यावर कोणाचा जीव नव्हता, जी रात्रभर उपाशी ओरडली, त्या आठांना काही कळलंसुद्धा नाही. मला इतका राग आला की त्या शेवटच्या डुकराच्या ढुंगणावर मी विनाकारण थाप मारली.

घरी पोचलो तर माय ओट्यावर होती. पाणीबिणी नाही, आधी तेच.

"तरास झाला काय रे त्याले?"

"नाही," मी म्हटलं. "चटकन झालं. कळलंबी नाही."

मायचा चेहरा असा उजळला की काय सांगू. तिनं माझा हात धरला आणि हळूच, चोरी कबूल करावी तशी म्हणाली, "मी त्याले गुळभाकर चारली होती. तू रागावशील म्हणून सांगतलं नाही. पोट भरलेलं होतं म्हणून सुखानं गेलं ते. पुढच्या खेपेले सगळ्यायलेच चारीन. कोणालेच उपाशी नाही धाडायचं."

शेडात पुढच्या खेपेची पिल्लं मादीला लुचत होती. आतून बायको माझ्याकडे पाहत होती. तिला मी फोनवर सगळं सांगितलेलं होतं.

मग मी मायला सांगितलं. भाकर, फेस, कान, फाटक, दोरी, सगळं. मध्ये थांबलो असतो तर पुढचं बोलता आलं नसतं. मायनं हात सोडला नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिनं एकच विचारलं, "कुठपासून पडलं होतं ते?"

"कारंज्यापासून."

माय नागपूरच्या दवाखान्यात एसटीनं कितीदा तरी जाऊन आलेली आहे. कारंज्यापासून नागपूर किती लांब आहे, हे तिला सांगावं लागलं नाही.