मेव्हण्यांचा कॅम आणि अर्धा चिरा

काळजी करायला काहीतरी कारण लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या थोरल्या मेव्हण्यांना पाहिलेलं नाही. आंबा मोहरला नाही तर यंदा खायचं काय ही काळजी, आणि मोहरला तर वानरं येतील ही काळजी. मसुऱ्याहून कसालला रोज माल नेणारी त्यांची एक जुनी पेट्रोलची पिकअप आहे. मी कसालला नोकरीला, त्यामुळे तिच्यात त्यांच्या शेजारी बसून जातो आणि रोज सकाळी त्यांच्या काळजीचा ताजा वाटा मला मिळतो. एक स्टेपनी मागे, एक माझ्या पाठीशी आणि पायांपाशी जांभ्या दगडाचा अर्धा चिरा. गाडी सपाट अंगणात उभी केली तरी तो चिरा चाकामागे लागतोच. एकदा मी म्हटलं, "दादा, इथून गाडी जाऊन जाऊन जाणार कुठे?" तर म्हणाले, "पावणे, गाडी काय सांगान जाता?"

त्या चिऱ्याची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. मागे एका पावसाळ्यात सासूबाईंच्या छातीत कळ आली. अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघत बसणं मेव्हण्यांना झेपणारं नव्हतं. त्यांनी आईला गाडीत बसवलं, आमची ही मागे ताडपत्रीखाली बसली, आणि वाटेवरच्या घाटीत, चढाच्या वळणावर इंजिनाने मान टाकली. गाडी मागे सरकू लागली तशी हिने उडी मारून कडेला पडलेला तो चिरा चाकाखाली सरकवला. गाडी पुन्हा सुरू झाली, सासूबाई वाचल्या. पण पुन्हा असं झालं तर जराही वेळ घालवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून मेव्हण्यांच्या डोक्यात एकच भुंगा: आईला घेऊन ही घाटी चढायची कशी?

त्यातून कुणीतरी त्यांना मोबाइलवर शर्यतीच्या गाड्यांचा कॅमशाफ्ट दाखवला. इंजिनातल्या ह्या दांड्यावर उंचवटे असतात, ते व्हॉल्व्ह उघडतात. शर्यतीच्या कॅमचे उंचवटे मोठे, म्हणून व्हॉल्व्ह जास्त उघडतात आणि इंजिन छाती भरून श्वास घेतं. छाती आणि श्वास हे शब्द ऐकल्यावर मेव्हणे थांबणं शक्यच नव्हतं. कसालच्या मेस्त्रीने परोपरीने सांगितलं, "शर्यतीक बरो तो. गाडी एकदा पळाक लागली काय पळतली. पण हळू चलताना जीव नाय उरूचो. तुमका रोज भार घेवन घाटी चडूची आसा." मेव्हण्यांना ते पटलं, पण कॅम न घालावा तरी काळजी. मग जो भेटेल त्याचा सल्ला घेणं सुरू झालं. दारावर आलेल्या मासेवालीलाही विचारून झालं. ती म्हणाली, "माका काय इचारतास? बांगडे घेतास काय ता सांगा."

शेवटी देवळात कौल लावला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू गाडयेक नवो कॅम घालूचो म्हणता, तेच्या मनातलो किंतु दूर कर म्हाराजा!" जमलेल्यांनी गंभीरपणे "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि देवाला लावलेली पाकळी उजवीकडे पडली. देवाचा होकार मिळाला. परत येताना मेव्हणे मला म्हणतात, "देवान उजवो दिल्यान खरो, पण देवाक कॅम म्हणजे काय ता ठावक आसात मा?"

कॅम बसला. हायवेवर गाडी अशी सुटली की मी दाराची कड सोडली नाही. पण उभी असली की हीव भरल्यासारखी थरथरायची. आणि आंब्याच्या पेट्या घेऊन घाटी चढताना, नेमकी त्याच वळणावर, पुढच्या एसटीमागे हळू होताच ती खोकली आणि बंद पडली. ह्या वेळी चिरा घेऊन उडी मारायची पाळी माझी होती. परत गाडीत चढलो तर मेव्हणे स्टिअरिंग धरून तसेच बसलेले. म्हणाले, "पावणे, आज आये गाडयेत आसती तर?" त्याच आठवड्यात जुना कॅम परत बसला.

काजू मोहरले आणि सासूबाईंना पुन्हा कळ आली. आम्ही तिघे पुढेच दाटीवाटीने बसलो. गाडी आपली जुन्या चालीने पहिल्या गिअरमध्ये घाटी चढत होती, आणि मेव्हणे पुढे वाकून स्टिअरिंग असं रेटत होते की जणू तेच गाडी ढकलतायत. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मधे बसलेल्या सासूबाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "सावकाश चलव रे झिला. माका खंय जावची घाई आसा?" मग बाहेर बघत म्हणाल्या, "काजी काय मोहरल्यात बघ."

त्या वेळी त्या बऱ्या होऊन घरी आल्या. पुढे पावसाळा संपता संपता घरीच, झोपेत गेल्या. इतकी वर्षं ज्या घाटीची काळजी केली, ती शेवटी चढावीच लागली नाही.

तो कॅम तेल लावून, फडक्यात गुंडाळून पडवीच्या फळीवर ठेवलेला आहे. मेस्त्री गिऱ्हाईक आणतो, मेव्हणे "बघूया" म्हणतात. इतर काळज्या अजून जोरात आहेत, परवाच माझ्या छत्रीची एक काडी वाकलेली बघून ते दोन दिवस अस्वस्थ होते. फक्त घाटी लागली की गप्प होतात. मागून कुणी हॉर्न वाजवला तर हात बाहेर काढून त्याला पुढे जायला सांगतात. वळणावर गाडी अजून हळू करतात आणि काजींकडे बघतात. चिरा माझ्या पायांना लागतो, पण तो काढा असं मी आता म्हणत नाही.