बॉल कोणी आणायचा

आमच्या बियाण्यांच्या दुकानासमोर एक लोखंडी बाकडं आहे. शेतकऱ्यांना टेकायला म्हणून नवऱ्यानं ते करून घेतलं होतं. पेरणीचे दिवस सोडले तर त्यावर शेतकरी क्वचितच दिसतो. वर्षभर तिथं बास्केटबॉलचे तज्ज्ञ बसतात. रस्त्यापलीकडे कॉलेजचं मैदान आहे आणि त्याच्या एका कोपऱ्यात सिमेंटचं कोर्ट. बाकड्यावरून त्यातलं निम्मंच कोर्ट दिसतं, उरलेलं रंगमंचाच्या भिंतीमागे जातं. त्या निम्म्या कोर्टावर यांची पूर्ण मतं.

तज्ज्ञ तिघं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, सळयांचा व्यापार करणारे एक शेठ आणि तास बुडवून येणारे रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक. काका मोबाइलवर अमेरिकेतल्या मॅचेस बघतात आणि प्रत्येक खेळाडूला तिथल्या कुणाच्या तरी शेजारी उभं करून नापास करतात. शेठ पान खातात आणि आमच्या पायरीच्या कडेला थुंकतात. मी रोज तिथं बादलीभर पाणी ओतते. नवरा म्हणतो, जाऊ दे, गिऱ्हाइकं आहेत.

गेल्या हिवाळ्यात विषय निघाला मुलींच्या टीमचा. दोन गार्ड होत्या. एक शेठची पुतणी. उभं राहायला जागा आणि हातात बॉल मिळाला की हमखास बास्केट करणारी. दुसरी कुंभार पिंपळगावजवळच्या वस्तीवरची, मेंढ्या राखणाऱ्या घरातली. अंगानं बुटकी, पण बॉल आणावा तर तिनंच. आपल्या टोकाकडून बॉल पुढे आणायचा, कोण मोकळी आहे ते बघायचं आणि तिला नेमका द्यायचा, हे पॉइंट गार्डचं काम. टीमच्या कोच सरांनी ते तिला दिलं होतं, आणि टीम जिंकत फायनलला पोचली होती. बाकड्याला ते सहन होईना.

"आमच्या पुतणीला द्या बॉल," शेठ म्हणाले. "धंद्याच्या घरची पोरगी हाय. कुणाला काय द्यायचं, कवा द्यायचं, बराबर समजतं तिला. त्या दुसरीला नुसतं पळू द्या कडेनं. मेंढरामागं पळायची सवयच हाय तिला."

प्राध्यापकांनी मान डोलावून याला आनुवंशिकता म्हटलं. शिकलेला माणूस इतक्या शांतपणे इतकं घाणेरडं बोलू शकतो, हे ऐकून मला शिसारी आली. काकांनी मोबाइलवर कुणीतरी उंच गार्ड दाखवला आणि म्हणाले, "गार्ड असा पाहिजे. ही तर एवढीशी."

मी त्याच कॉलेजकडून खेळलेली आहे, मुरुमाच्या कोर्टावर, गुडघे फोडून घेत. मला राहवेना. दुकानातूनच म्हणाले, "शेठ, मेंढरांचा आणि बॉलचा काय संबंध? तिला अख्खं कोर्ट दिसतं, म्हणून सर तिला बॉल देतात."

"वहिनी, तुमच्या टाइमाचा गेम येगळा होता," शेठ म्हणाले. तिघंही हसले, आणि पानाची पिंक पडली तिथंच, पायरीच्या कडेला.

ती मुलगी आमच्या मागच्या गल्लीत तीन मैत्रिणींसोबत खोली घेऊन राहायची. संध्याकाळी सराव संपला की आमच्याकडे गार पाण्याची बाटली भरायला यायची. शेठचं बोलणं मी तिला सांगितलं, तर चिडायचं सोडून ती हसतच सुटली.

"मावशी, मेंढरामागं कुणी पळतं का? पळालं की मेंढरं बिथरतेत. एका जागी उभं राहून बघावं लागतं, कोणतं कुठं चाललंय ते."

मग बाटलीचं झाकण लावत ती गंभीर झाली. फायनल बघायला विद्यापीठाचे निवड करणारे येणार होते. "मला बॉल आणू दिला तरच त्यांला काही दिसंल. कडंनं नुसतं पळून राह्यले तर काय दिसणार? माझी उंची ही अशी. माझे बापू म्हणलेत, विद्यापीठाकडून खेळलीस तर शीक पुढं, न्हाईतर ह्या वर्षी घरी ये. त्यांचं बी चुकत न्हाई, घरी माणूस लागतं. पण मला न्हाई जायचं मावशी."

एवढंच तिला हवं होतं. एका सामन्यात स्वतःच्या जागेवर खेळायचं आणि ते कुणीतरी बघायचं.

सर तासिका तत्त्वावर होते. दर जूनमध्ये त्यांना पुन्हा घ्यायचं की नाही हे संस्था ठरवायची, आणि शेठ संस्थेच्या कार्यकारिणीत. फायनलच्या आदल्या दिवशी शेठनी त्यांना बाकड्यापाशी बोलावलं. तिघं बसलेले, सर उभे. कुणी सरकून जागा दिली नाही. चहा मात्र दिला. "फायनलला बदल करा सर. पुतणी बॉल आणंल." सर कपाकडे बघत म्हणाले, "बघतो साहेब." त्यांनी काय बघितलं ते दुसऱ्या दिवशी आम्हाला दिसलं.

मी दुकान नवऱ्यावर टाकून मैदानात गेले. मांडवाखाली निवड करणारे दोघं, एक गृहस्थ आणि एक मॅडम, समोर कागद घेऊन. पुतणी बॉल आणायला लागली की समोरच्या दोघी तिच्या अंगावर धावून यायच्या, आणि बॉल जायचा. तिला ते काम कधी शिकवलंच नव्हतं. बिचारी प्रत्येक वेळी सरांकडे बघायची आणि सर बुटांकडे. आणि ही आमची कडेकडेनं धावत होती, हात पसरून, बॉलवाचून. मांडवातून मॅडमनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढे नजर फिरवली.

हाफ टाइमला सत्कार सुरू झाले. आमच्याकडे माईक आणि शाल एका जागी आली की खेळ थांबतो. आधी निवड करणाऱ्यांना शाल आणि नारळ, मग संस्थेच्या लोकांना, मग 'मार्गदर्शक' म्हणून आमच्या बाकड्यावरच्या तिघांना. मुली सिमेंटवर बसून घाम वाळवत होत्या. ते आटोपलं तर शेठनी पाहुण्यांना जेवायला चलायचं लावून धरलं. पाहुणा आपल्या गावातून उपाशी कसा जाईल?

"दुसरा हाफ?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, बाटी गरमच खायला पाहिजे. आपण जल्दी जाऊ, जल्दी येऊ. बिलकुल टेन्शन घेऊ नका."

मॅडम एकदा कोर्टाकडे बघून गाडीत बसल्या. काका आणि प्राध्यापकही मागच्या गाडीत बसले. महिनाभर ज्या खेळावर घसा कोरडा केला, तो अर्ध्यात टाकून माणसं तुपात बुडवलेल्या बाट्या खायला गेली.

दुसरा हाफ सुरू झाला आणि पुतणीनं हातातला बॉल तिच्या हातात ठेवला. सरांनी लांबूनच मान हलवली. आता त्यांना घाबरवायला मांडवात कुणी नव्हतंच. ती बॉल घेऊन सावकाश आली. दोघी अंगावर धावल्या तर थांबली, त्यांना जवळ येऊ दिलं आणि त्यांनी सोडलेल्या जागेत बॉल टाकला. तिथं पुतणी उभी. बास्केट. पुन्हा तसंच, पुन्हा बास्केट. कधी पुतणीला झाकलं की बॉल तिसरीकडेच. इतका सुंदर खेळ मी त्या मैदानावर पाहिला नव्हता, आणि मला तो धड बघताही आला नाही, कारण माझी नजर सारखी फाटकाकडे जात होती. गाडी येईल, आत्ता येईल. मांडवातल्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या.

आम्ही जिंकलो. बक्षिसांच्या वेळी गाड्या परत आल्या. शेठ दात कोरत उतरले. मॅडमनी सगळ्या मुलींशी हात मिळवला, तिच्याशीही, आणि छान खेळलात म्हणाल्या.

आठवड्याभरात निवड जाहीर झाली. पॉइंट गार्ड म्हणून शेठची पुतणी. निवड करणाऱ्यांनी बॉल आणताना तिलाच पाहिलं होतं, आणि टीम तर जिंकली होती. पुतणी शेठशी भांडली, माझी ती जागाच नाही म्हणाली, पण घरच्यांनी तिला पाठवलंच. इकडे बाकड्यावर वाद पेटला होता तो बदलाची कल्पना मूळ कुणाची यावर. काका म्हणत होते, उंचीचा मुद्दा पहिल्यांदा मीच काढला.

त्यातच एका सकाळी ती बॅग घेऊन आली. साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, केस घट्ट बांधलेले. मला भेटून कुंभार पिंपळगावची बस धरायची होती. मी तिच्यासाठी डबा बांधत होते तेवढ्यात शेठनी मायेनं बाकड्यावर जागा करून दिली.

"बैस बेटा. कॉलेजात हायेस का?"

"हाव."

"मंग फायनल बघायला आल्ती का न्हाई? आपल्या पोरी जिंकल्या ना! ये, बैस, पॉइंट गार्ड म्हणजे काय ते सांगतो तुला."

ती बसली नाही. "बस जाईल माझी," म्हणाली, माझ्या हातून डबा घेतला आणि निघाली.

"शेठ," मी म्हणाले, "तीच ही."

"तीच म्हणजे कोण?" शेठनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.