फुलीचा पुठ्ठा

रविवारी पुण्यात मला माझा खेळ आठ जणांसमोर चालवायचा होता, आणि न जाण्यासाठी लागणारा तापाचा मेसेज मी गुरुवारीच लिहून ठेवला होता.

खेळ म्हणजे रोलप्लेइंग गेम. टेबलाभोवती बसायचं, एकेक पात्र घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून बोलत बोलत गोष्ट रचायची. त्यात कुणी जिंकत नाही. असे छोटे खेळ स्वतः लिहिणाऱ्यांचा आमचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. वर्षभर मी तिथे फक्त टाइप केलं, कॅमेरा कधी लावला नाही. आता सगळे पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेटणार होते. नवा खेळ आधी कुणाबरोबर तरी खेळून बघायचा, असा ग्रुपचा रिवाज. भोरमध्ये विचारावं असं मला कुणी नव्हतं, म्हणून शुक्रवारी राजगडाखालच्या पालीला आत्याकडे गेले.

आत्या गडावर येणाऱ्या ट्रेकर्सना जेवण देते. शेजारच्या दारात तिची थोरली जाऊ, त्यांना मी काकी म्हणते. त्याही जेवणच देतात. शनिवार-रविवार सोडला तर गिऱ्हाईक नसतं, म्हणून दोघी ओसरीवर बसल्या.

मी नियम सांगितले. एकीने सांगितलेलं दुसरीने खोडायचं नाही. आणि मध्ये बिस्किटाच्या पुड्याचा, फुली काढलेला पुठ्ठा ठेवलाय. नको असलेलं काही आलं की त्याला हात लावायचा. तेवढा भाग गोष्टीतून काढून पुढे जायचं. कारण विचारायचं नाही. या खेळांतला मला सगळ्यात आवडलेला नियम हाच.

"गावात एक अनोळखी माणूस येतो," मी सुरुवात केली. तो माणूस मी होते. तो कोण, कशाला आलाय, हे गूढ तासभर हळूहळू उलगडेल, अशी माझी योजना.

"कुठला रं तू?" आत्याने विचारलं.

हे मी लिहिलंच नव्हतं. "वरव्याचा," तोंडातून निघून गेलं.

"वरवे बुद्रुक? आवं अक्का, तितं आपली नणंद दिलीया!"

"मंग ह्यो तिचा पुतन्या," काकी म्हणाल्या. "दाढी वाढवलीय म्हनून वळखला न्हाई."

नियमाप्रमाणे मला खोडता येईना. चार मिनिटांत माझ्या अनोळखी माणसाचा पाहुणा झाला होता.

"जेवलायस का?" आत्या म्हणाली.

"त्यो माज्याकडं जेवतोय. थोरलं घर माजं."

"आदी म्या इचारलं, अक्का."

"तुजी भाकर चावता चावता त्याची दाढी पिकंल."

आत्याने पुठ्ठ्यावर थाडकन हात मारला. "फुली! भाकरीचं काडून टाका."

काकींना काढावं लागलं. मग दोघी माझ्याकडे वळल्या. "बोल की, कुनाकडं जेवतोस?"

हा प्रश्न आता खेळातला राहिला नव्हता. याचं उत्तर देऊन त्या दोन घरांच्या मधून कुणी सुखाने गेलेलं मी तरी पाहिलेलं नाही. मी हळूच पुठ्ठ्याला बोट लावलं.

दोघींपैकी एकीनेही कारण विचारलं नाही. आमच्या घराण्यात हे कधी घडलं असेल, असं मला वाटत नाही.

"बरं, पानी तरी पी," काकी म्हणाल्या, आणि गोष्ट पुढे गेली. गूढ काही उलगडलं नाही. पाहुण्याचं लग्न मात्र ठरलं.

निघताना मोबाईलवर तो तापाचा मेसेज उघडत मी आत्याला म्हणाले, "रविवारी बहुतेक नाही जाणार मी. जरा कणकण वाटतेय."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मग पुठ्ठा उचलला आणि माझ्या मोबाईलवर ठेवला.

"अगं, पण..."

"तूच म्हनलीस, कारन इचारायचं न्हाई. ह्यो भाग काडला. फुडं चल. मानसं किती हायती?"

"आठ."

"आठ जनांच्या भाकरी रविवारी सकाळच्या एसटीनं धाडते."

हे पलीकडच्या दारात ऐकू गेलं.

रविवारी एसटीत माझ्या मांडीवर दोन घरांचे दोन डबे होते. पुण्यात टेबलावर मी आधी पुठ्ठा ठेवला आणि मगच डबे उघडले. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले.

"गावात एक अनोळखी माणूस येतो," मी म्हणाले. "तो जेवून आलेला आहे."