कवळीबाईंचा बुडबुडा

आमच्या गल्लीतल्या दातांच्या दवाखान्यात पुढच्या खोलीत डॉक्टर बसतात आणि मागच्या खोलीत सत्ता बसते. त्या सत्तेला सगळे कवळीबाई म्हणतात, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही, कारण निम्म्या गल्लीची तोंडं त्यांनीच घडवलेली आहेत. माझा वरचा जबडाही त्यांच्याच हातचा. म्हणजे पुढची हकिगत मी त्यांच्या दातांनी सांगतोय. तरी वकिली करतोय असं समजू नका.

मागच्या खोलीत सगळ्या वस्तूंवर प्लास्टरची पांढरी भुकटी. खिडकीत साचे आ वासून बसलेले, त्यांत कोणाचा जबडा कुठला हे मी ओळखतो आणि गप्प बसतो. कोपऱ्यात शेगडीवर मोठं पातेलं. त्यात पितळी डब्यांत आवळून कवळ्या शिजतात. आच जरा वाढली की कवळीत बारीक बुडबुडे धरतात, आणि ती फेकून द्यावी लागते. म्हणून बाई पातेल्यापासून हलत नाहीत. जन्मभर बुडबुड्यांशी वैर धरलेली ही बाई एका बुडबुड्यासाठी चारचौघांशी भांडली, त्याची ही गोष्ट.

पातेल्याजवळ बसायचं, पण हाताला काम नाही. असा रिकामा हात त्यांना सोसवत नाही. मुलगी नोकरीसाठी दुसरीकडे गेली तेव्हा तिच्या कपाटात हातात धरून खेळायचा एक जुना गेम सापडला. साबणाच्या वडीएवढा, स्क्रीन काडेपेटीपेक्षा जेमतेम मोठा. त्यात एक पाणबुड्या समुद्राच्या तळाशी जातो, वाटेत काटेरी मासे येतात. काटा लागला की मेला. मात्र शिंपल्यातला मोती उचलला की त्याच्याभोवती हवेचा बुडबुडा तयार होतो, आणि तो असेपर्यंत काटे लागत नाहीत. साठीकडे झुकलेल्या बाईंनी गल्लीच्या अर्ध्या कवळ्या शिजवता शिजवता तो पाणबुड्या असा काही पोहवला, की एक दिवस एकही जीव न गमावता थेट तळाला नेला.

अशा जुन्या गेमवाल्यांचं इंटरनेटवर एक मंडळ आहे. एकही जीव न गमावता गेम संपवणाऱ्यांची यादी ते लावतात, पण पुरावा म्हणून व्हिडिओ मागतात. बाईंनी ठरवलं, आपलं नाव त्या यादीत लागलंच पाहिजे.

इथे त्यांचे दीर आले. दीर लग्नाचे व्हिडिओ काढतात. नवरीच्या गालावरचा डाग, मांडवातल्या ट्यूबलाइटची फडफड, नवऱ्याच्या मामाची जांभई, सगळं पुसून देतात म्हणून त्यांचं नाव आहे. त्यांनी गेमची तार एका डबीत घातली, डबीची कॉम्प्युटरला, आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही फक्त खेळा. बाकी माझ्यावर सोडा."

वहिनींनी सोडलं. परत तळाला पोहोचल्या. व्हिडिओ गेला. आणि मंडळाने त्यांचं नाव यादीत लावलं खरं, पण 'लबाड' या मथळ्याखाली.

मंडळाच्या पंचांनी खाली कारण दिलं होतं: काकू, तुमचा पाणबुड्या बुडबुडा नसताना काटेरी माशांतून आरपार जातो. गेममध्ये काहीतरी खाडाखोड केलेली दिसते.

"आधी हा मला काकू कधीपासून म्हणायला लागला?" बाई म्हणाल्या. मग व्हिडिओ पाहिला. बुडबुडा खरंच नव्हता! गेमवर दिसत होता, व्हिडिओत गायब.

त्या दुपारी मी कवळी घासून घ्यायला गेलो होतो, म्हणून पुढचं माझ्यासमोर घडलं. बाईंनी गेम डोळ्यासमोर धरला, दात तपासायचं भिंग लावलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हा बुडबुडा सतत नसतोच," त्या म्हणाल्या. "एका चित्रात असतो, पुढच्या चित्रात नसतो, मग परत असतो. इतक्या भरभर, की डोळ्याला काचेसारखा आरपार दिसतो. भाऊजी, तुम्ही काय केलंत?"

भाऊजींनी अभिमानाने सांगितलं. नेहमीची लग्नाची सेटिंग. एक सोडून एक चित्र घ्यायचं, म्हणजे फाइल हलकी. फडफडणारं जे दिसेल ते काढून टाकायचं. "स्क्रीनवर काहीतरी लुकलुकत होतं वहिनी, ते मी साफ केलं."

"माझा बुडबुडा साफ केलात?"

"मला वाटलं ट्यूबलाइट आहे."

"समुद्राच्या तळाशी ट्यूबलाइट?"

माझ्या हातात कवळी होती, म्हणून मला नीट हसता आलं नाही.

मूळ रेकॉर्डिंग जपलेलं नव्हतं; सगळं दिरांच्या सेटिंगमधूनच उतरलं होतं. म्हणजे पुन्हा खेळणं आलं. नवरा मवाळ, तो म्हणाला, "जाऊ दे ना, कोण बघतंय ती यादी?" बाई म्हणाल्या, "मी बघतेय." विषय संपला.

मात्र या वेळी खेळण्याआधी बाईंनी पदर खोचला आणि कोडेक हे प्रकरण हातात घेतलं. कोडेक म्हणजे व्हिडिओची घडी घालायची रीत. प्रत्येक चित्र जसंच्या तसं ठेवलं तर फाइल कपाटात मावणार नाही, म्हणून घडी. काही कोडेक घडी घालताना, डोळ्याला कळणार नाही असं त्यांना वाटतं तेवढं कापून टाकतात. काही काहीच कापत नाहीत.

बाईंनी सोपी पहिली पातळी खेळून निरनिराळ्या घड्या घालून पाहिल्या. लुकलुक काढणं बंद केलं, सगळी चित्रं घेतली, तर बुडबुडा परत आला. दीर म्हणाले, "झालं तर! आता पाठवा."

बाईंनी भिंग लावलं. "काटे कुठे गेले?"

निळ्या पाण्यातले लाल काटे केसाएवढे बारीक. कापणाऱ्या कोडेकने रंग कंजुषीने ठेवले होते, त्यामुळे लाल निळ्यात फासला जाऊन नुसती जांभळट धूसर कड उरली होती. काटा बुडबुड्याला लागला की पाणबुड्याला, ते कोणी सांगू शकलं नसतं. दर्जा वाढवून पाहिला, तरी रंग तसाच फासलेला.

"कोणाला दिसतंय वहिनी एवढं!"

"हेच," बाई म्हणाल्या, "हेच वाक्य माझ्या डोक्यात जातं. मी जबड्याचा ठसा घेते, तेव्हा हिरडीवरचा बारीकसा उंचवटा सुटला तर काय होतं? कोणाला दिसत नाही. पण घास घेताना माणूस रडतो. मला काही न कापणारा कोडेक हवा."

"लॉसलेस? फाइल डोंगराएवढी होईल! मी पंधरा वर्षं या धंद्यात आहे."

"लग्नाच्या धंद्यात आहात."

आणि इथेच दीर फसले. लग्नात हजार रंग, झुळझुळीत साड्या, हलणारी माणसं. तिथे काही न कापता घडी घातली तर खरंच डोंगर होतो. या गेमची स्क्रीन इवलीशी, रंग मोजके, निम्मं पाणी चित्रामागून चित्र तेच ते. तसंच्या तसं आहे एवढं लिहून ठेवलं की काम भागतं. बाईंनी लॉसलेसने रेकॉर्ड केलं, आणि फाइल दिरांच्या, सुबक दिसावं म्हणून चित्र ताणून मोठं केलेल्या व्हिडिओपेक्षा लहान निघाली. दिरांनी दोनदा तपासली. मग पाणी प्यायले.

त्यानंतर कवळ्यांची एक मोठी खेप शिजत असताना बाई पुन्हा तळाला पोहोचल्या. मी दाराशी उभा होतो, पण मला 'श्वास घेऊ नका' असं बजावलं होतं, त्यामुळे खेळापेक्षा माझ्या जिवाचं वर्णन जास्त करता येईल. फाइल गेली.

पंचांचं उत्तर आलं: काकू, हा कोडेक नियमात नाही. नेहमीच्या कोडेकमध्ये पाठवा.

डॉक्टरसुद्धा म्हणाले, "पाठवा ना बाई. भांडण कशाला?"

"नेहमीच्या कोडेकमध्ये मी लबाड आहे," बाई म्हणाल्या. "या कोडेकमध्ये नाही. मग कुठला पाठवू?"

त्यांनी पंचांना कळवलं: तुमचा कोडेक काटे खातो. हाच खेळ तुमच्या कोडेकमध्येही सोबत जोडलाय; दोन्ही व्हिडिओ एक-एक चित्र पुढे सरकवून बघा. बघायचं नसेल तर माझं नाव लबाडांत राहू द्या, पण शेजारी तुमचा नियमही टांगा, म्हणजे कोण काय आहे ते लोकांना कळेल. आणि मी काकू नाही.

उत्तर काही लवकर येईना. दवाखान्यात रोज दोन-तीन जण निव्वळ बातमीसाठी दातदुखी घेऊन येऊ लागले. मी त्यांत नव्हतो. माझी कवळी खरंच टोचत होती, थोडीशी.

उत्तर आलं तेव्हा दीर खुर्चीत होते. सुपारी फोडताना दाढ मोडली होती. बाईंनी ठशाचा लगदा भरलेला साचा त्यांच्या तोंडात दाबून धरला होता, आणि तो घट्ट होईपर्यंत माणसाला 'हूं'शिवाय काही म्हणता येत नाही.

"भाऊजी, हलायचं नाही," बाई म्हणाल्या आणि मोकळ्या हाताने फोन उचलून मोठ्याने वाचू लागल्या. "ताई, आम्ही एक-एक चित्र पाहिलं. बुडबुडा आहे. तुमचं नाव लबाडांतून गुपचूप काढून टाकतो, विषय मिटवू."

"वा!" डॉक्टर म्हणाले.

"गुपचूप?" बाईंचा आवाज चढला. "लावताना गुपचूप लावलं होतं?" एका अंगठ्याने त्यांनी तिथेच उत्तर टाइप केलं आणि तेही वाचून दाखवलं: "काढू नका. तिथेच राहू द्या आणि खाली लिहा, हे नाव आम्ही चुकून लावलं. त्या मथळ्याखाली आणखी कोणकोण अशाच कोडेकने बुडालंय, तेही बघा."

"वहिनी कशाला ताणताय, असंच म्हणायचंय ना भाऊजी?"

"हूं."

"लगदा जरा सैल ठेवू का? थोडं सुटलं तर कोणाला दिसतंय?"

दिरांचे डोळे मोठे झाले. "हूं-हूं! हूं-हूं!"

"मग नीट बसा," म्हणत बाईंनी साचा आणखी घट्ट दाबला.

यादीत आता बाईंचं नाव वर आहे. खाली, लबाडांतही आहे, आणि त्याखाली पंचांनी लिहिलंय: हे नाव आम्ही चुकून लावलं. बुडबुडा आहे. शेजारची आणखी दोन नावं तपासायला घेतली आहेत म्हणे. दिरांची दाढ मात्र अशी बसलीय, की लग्नाच्या पंगतीत ते आता सुपारी त्याच बाजूने खातात.